साहेबाला नेमकं काय सांगायचं

त्या साली अमरावतीत कापसाला असा भाव आला, की लोकांनी गाद्या उसवून विकल्या आणि स्वतः घोंगडीवर झोपू लागले. माझा धाकटा भाऊ नत्थुजीही त्यातलाच. गाडीत रुई भरताना त्यानं देवघरातलं गाठोडंही तिच्यात टाकलं.

ते गाठोडं माझ्या बायकोचं, गोदाचं. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचलेला कापूस आमच्याकडे विकत नाहीत. घरच्या बाईनं त्याची सरकी काढायची आणि वर्षभर देवाच्या दिव्याला त्याच्याच वाती करायच्या. गोदानं सरकी काढली. वाती वळायला ती राहिली नाही.

कापूस विकत घेणाऱ्या इंग्रज साहेबाच्या वखारीत रुई दाबून गठाणी बांधत होते. गाठोडं मला तिथल्या ढिगावर दिसलं. मी मुनशी वामनरावांचे पाय धरले.

"मुनशीजी, तेवढं मले वापस द्या. मेल्या बायकोच्या हातचं हाय."

"साहेबांना विचारावं लागेल. इंग्रजीत याला रेलिक म्हणतात."

"रेलिक्ट!" कारकून सूर्यभान तिकडून ओरडला. "मी पादऱ्याच्या शाळेत शिकलो, मले सांगता?"

"अरे, रेलिक म्हणजे मेलेल्याची मागं राहिलेली वस्तू. साधूच्या पादुका, दात. रेलिक्ट म्हणजे मागं राहिलेली बायको."

"याची बायको तर मेली. मंग मागं कोन राह्यलं?"

"हा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हनजे हाच रेलिक्ट?"

"तो शब्द बहुतेक विधवेलाच लावतात. पुरुषाला लावलेला माझ्या तरी वाचनात नाही."

"माह्यं गाठोडं..." मी म्हणालो.

"थांबा हो! साहेबांपुढं चुकीचा शब्द गेला तर आमची अब्रू जाईल."

शेवटी साहेब बाहेर आला. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि वामनरावांची पाठ थोपटली. रेलिकच बरोबर होतं. सूर्यभान रुसून बसला.

तोवर हमालांनी गाठोड्याची गाठ सोडून त्यातली रुई गठाणीच्या पेटीत तुडवली होती आणि वरून दाब चढला होता. बांधलेली गठाण सोडायचा हुकूम नव्हता. मला नुसतं फडकं मिळालं, गोदाच्या लुगड्याचं.

घरी आल्यावर त्याचीच पट्टी फाडून मी वात वळली. नीट जमली नाही.

"दादा, दिवा लय धूर करून राह्यला," नत्थुजी म्हणाला.

"करू दे," मी म्हणालो.