वाट पाहा

"ओ मामा, मागे! मागे व्हा! रांग तिकडून आहे."

पेंटर जागच्या जागी थिजला. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि तोंडाचा झालेला आ. भर जंगलात रांग? त्याने मान लांब करून पाहिलं, तर खरंच रांग होती. पुढच्या वळणापासून सुरू झालेली, दगडांवरून, मुळांवरून वेडीवाकडी थेट त्याच्या चपलेपर्यंत आलेली. आज्या फतकल मारून बसलेल्या, आजोबा पेंगलेले, एक बाळ चादरीवर उताणं, आणि एका गृहस्थाने तर बूट काढून मोजे फांदीवर वाळत घातलेले. सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी माणसं बसली होती. फक्त डॉक्टर कुठे दिसत नव्हता.

"कसली रांग आहे हो ही?" पेंटरने मोजेवाल्याला विचारलं.

"ते आम्हाला काय माहीत? आम्ही आलो तेव्हापासून आहे."

"मग बसलात कशाला?"

"सगळे बसलेत ना!" मोजेवाला म्हणाला. एवढ्या साध्या गोष्टीला कारण विचारणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

झालं होतं असं की, जंगल खात्याने यंदा एक नवीन वाट काढली होती. नाव ठेवलं 'कुटुंबवाट'. झाडीतून हळूहळू उतरत नदीपर्यंत जाणारी, म्हणजे दुडदुडतं पोर आणि गुडघे गेलेले आजोबा, दोघांनाही झेपेल अशी. तिच्यावरच्या सगळ्या पाट्या पेंटरने हाताने रंगवल्या होत्या. आज वाट खुली झाली होती, आणि आज खात्याचे साहेब स्वतः ती चालून ठरवणार होते, की बाकीच्या जंगलातल्या पाट्या पेंटरला द्यायच्या की शहरातल्या छपाई मशीनवाल्यांना. शहरातल्या दुकानांच्या पाट्या मशीनने केव्हाच खाल्ल्या होत्या. जंगल तेवढं उरलं होतं.

म्हणून तर आज तो बायकोला घेऊन आला होता. जन्मभर त्याने पाट्या रंगवल्या आणि जन्मभर तिने त्याच्या सदऱ्यांवरचे रंगाचे डाग घासले. त्याचं अक्षर तिने बघितलंय असं त्याला कधी वाटलंच नाही. त्यानेच रंगवलेल्या दुकानाच्या पाटीखाली उभी राहून ती कांदे निवडायची, पण मान काही वर जायची नाही. एकदा तरी तिने 'बरं आलंय' म्हणावं, एवढीच त्याची हौस. पण आत शिरतानाच 'स्वागत' लिहिलेल्या ओल्या पाटीवर कुणाच्या तरी पोराने पाचही बोटं उठवलेली दिसली, आणि पेंटर म्हणाला, "तू हो पुढे, मी एक हात मारून आलोच." पेंटरचा एक हात म्हणजे काय, हे बायकोला चांगलं ठाऊक होतं. ती पुढे गेली.

आणि आता ही रांग. त्यात बायको कुठे दिसेना.

"अहो, पण थांबलात कशासाठी?" तो ओरडत पुढे निघाला. "वाट मोकळी आहे की!"

"होडी येणारे म्हणे," एक आजी म्हणाल्या.

"होडी कसली? हत्ती जाणारेत इथून. ते गेले की सोडणार."

"हत्तीबित्ती नाही हो. आत एका वेळी वीसच माणसं सोडतात. नियम आहे तसा."

"एक जण नियम मोडून गेला होता पुढे, पोराला खांद्यावर घेऊन. धरून आणला त्याला." सांगणाऱ्याने बोट दाखवलं. एक तरुण बाप खाली मान घालून रांगेच्या शेवटी बसला होता, आणि खांद्यावरचं पोर सगळ्यांना सांगत होतं, "खाली नदी आहे! आम्ही बघितली!" कुणी लक्ष देत नव्हतं.

वळणावर छत्री टेकून एक निवृत्त हेडमास्तर उभे होते. रांगेची जबाबदारी त्यांच्याकडे कुणी दिली नव्हती, पण निवृत्त झाल्यापासून ते अशा संधीची वाटच बघत असावेत.

"थांबा! वाचता येतं ना?" त्यांनी छत्री वर उचलली. "मग वाचा."

पेंटरने वर पाहिलं. हिरव्या पाटीवर पांढऱ्या, टपोऱ्या, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: वाट पाहा.

अक्षर त्याचंच होतं.

साहेबांनी फोनवर मजकूर सांगितला होता, "पुढे उतार घसरडा आहे, वाट पाहून चाला." वर बजावलं होतं, की अक्षर एवढं मोठं हवं की आजोबांना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. फळी एकच. अक्षर वाढवायचं म्हणजे शब्द कापायचे. पेंटरने आधी 'उतार घसरडा आहे' उडवलं. कुटुंबं येणार, त्यांना कशाला घाबरवा? उतारच गेला म्हटल्यावर 'पुढे'ला एकटं ठेवून काय करायचं? तोही गेला. 'पाहून चाला' फळीबाहेर जात होतं, 'पाहा' मात्र मापात शिवल्यासारखं बसलं. दोन शब्द, तोलून मापून. लांब जाऊन, एक डोळा मिटून, मान तिरकी करून त्याने ती पाटी शंभरदा बघितली होती. वाचली मात्र एकदाही नव्हती.

"अहो, वाट म्हणजे रस्ता!" तो कळवळून म्हणाला. "पाहा म्हणजे बघा! रस्ता बघून चाला!"

"चाला?" हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "चाला कुठे लिहिलंय?"

"ते... मावलं नाही."

"तुम्ही कोण?"

"पेंटर."

मागून आवाज आला, "म्हणजे होडी नाही?" आणि मोजेवाला फांदीवरचे मोजे ओढत ओरडला, "धरा रे त्याला!"

तेवढ्यात साहेबच आले. नवे कोरे बूट, गळ्यात दुर्बीण. रांगेतून पुढे येताना त्यांना दोनदा मागे हाकललं होतं, त्यामुळे कान लाल झाले होते. पाटी बघताच तेही थिजले. पाटी, माणसं, पुन्हा पाटी.

"पेंटर! मी सांगितलं होतं, वाट पाहून चाला. तुम्ही माझी पार वाट लावलीत!"

रांग खो खो हसली. पेंटरला वाटलं, त्या घसरड्या उतारावरून आपणच गडगडत खाली जावं.

"पण म्हणून एवढी माणसं बसली? एकानेही विचार करू नये?" साहेब आता रांगेवर उखडले. "पहिलं कोण बसलं इथे?"

"मी आलो तेव्हा या बाई बसलेल्या होत्या," हेडमास्तरांनी छत्रीने पाटीच्या खांबापाशी दाखवलं. "मी रीतसर विचारलं, इथे बसायचंय का? त्या म्हणाल्या, बसा. म्हणून मी नंबर दोन."

सगळ्यांच्या माना वळल्या. खांबाला टेकून, पदराने वारा घेत, नंबर एकला पेंटरची बायको बसली होती.

पेंटरच्या हातातला डबाच सुटला. पांढरा रंग साहेबांच्या नव्या बुटावर गेला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"अगं, तू? तुला तरी कळायला नको? ही काय थांबायची पाटी आहे?"

"मी कुठे थांबले होते?" बायको म्हणाली. "मी बघत बसले होते."

"काय बघत?"

"पाटी."

पेंटरला नीट ऐकू आलं नसावं.

"हा 'ट' बघा ना," ती पाटीकडे हात करत म्हणाली. "कसा पोट पुढे काढून उभा आहे, अगदी तुमच्यासारखा. म्हटलं, बसून निवांत बघावं. तर हे गुरुजी आले, बसू का म्हणाले. जंगल काय माझ्या बापाचं आहे? म्हटलं, बसा. मग लोक येत गेले, बसत गेले. मला वाटलं, तेही बघतायत."

कुणी हसलं नाही. ती उठली, साडी झटकली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, पाटीची चूक नाही. मी बसले म्हणून सगळे बसले. ह्यांचं काम काढून घेऊ नका."

साहेबांनी पांढऱ्या बुटाकडे पाहिलं. क्षणभर ते विरघळले असं वाटलं.

"बाई, तुमचं म्हणणं खरं असेल," ते म्हणाले. "पण मशीनच्या पाटीपुढे कुणी बघत बसणार नाही. मला तशीच पाटी हवी." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पेंटर, ही काढून घेऊन जा. आजच."

रांग उतारावरून नदीकडे निघाली. हेडमास्तरांनी नंबराप्रमाणेच सोडली. तीन जण घसरून आपटले, त्यात साहेब पहिले.

पेंटरने पिशवीतून पाना काढला आणि बोल्ट फिरवायला घेतले. बायकोने खालून फळी धरली. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा तो म्हणाला, "नदी राहिली तुझी बघायची."

"तिला कोण काढून नेतंय?" ती म्हणाली. "उचला."

फळी चांगलीच जड होती. पुढचं टोक तिने खांद्यावर घेतलं, मागचं त्याने. चढावर ती मध्येच थांबायची, खांदा बदलायची, "सावकाश, कड घासेल," म्हणायची आणि पुन्हा चालायची.

समोरून एक कुटुंब येत होतं. आई, वडील, दोन मुली आणि काठी टेकत येणारे आजोबा. वाट अरुंद होती. आजोबांनी चष्म्याशिवाय पाटी वाचली, हात आडवा करून सगळ्यांना कडेला घेतलं आणि काठी छातीशी धरून, पाटी पुढे निघून जाईपर्यंत, ते थांबले.