बेचाळिसावं कार्ड

बत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, म्हणून सगळे मला गुर्जी म्हणतात. निवृत्त झालो त्याच वर्षी, नव्वद साली, गावात सरकारी उपकेंद्र बांधून झालं. नर्सबाईला राहायची खोलीही झाली. राहायला मात्र कुणी आलं नाही. नेमलेल्या बाया वडीगोद्रीहून सकाळी यायच्या, दुपारच्या एस्टीनं परत. पुढे त्याही बंद झाल्या.

तेव्हापासून दर दिवाळीला मी जुन्या विद्यार्थ्यांना कार्डं लिहू लागलो. एकूण एकेचाळीस. कुणी डॉक्टर, कुणी कंपाउंडर, कुणी साहेब. आधी क्षेमकुशल, मग एकच मागणं : तू ये, नाहीतर कुणाला तरी पाठव. उत्तरं येतात आणि फार छान येतात. ‘गावाची आठवण येते, गुरुजी.’ अक्षर मीच वळवलेलं, त्यामुळे धड रागही काढता येत नाही.

यंदा पोळ्याच्या सुमारास कचरूची सून वडीगोद्रीच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. बाळ वाचलं हे नशीब. गावची सुईण झुंबरबाई, पण तिला आता मोतीबिंदूनं दिसत नाही. दिवाळीत मी कार्डं लिहीत बसलो होतो, तेव्हा ती काठी टेकत ओट्यावर आली.

“गुर्जी, चार सालं झाली लिवून राह्यलात. आलं का कुणी?”

“भुजंग डॉक्टर येईन म्हणतो.”

“म्हणू द्या त्याला. आपल्या उषीला लिवलं का?”

उषा माझी मुलगी. याच शाळेत शिकली, पुढे नर्स झाली, मंठ्याला सरकारी दवाखान्यात आहे.

“तिला काय लिहायचं? लग्न झालं, ती मंठ्याची झाली.”

“मंग भुजंग कुठला? त्यो बी मंठ्याचाच झाला की.”

मी चिडलो. म्हातारीला काय कळतं, असंही मनात आलं. मग पत्त्यांची वही चाळली. एकेचाळीस नावं, आणि त्यांत एकही मुलगी नव्हती. माझ्या वर्गात काय फक्त पोरंच बसत होती? मला स्वतःचीच लाज वाटली. बेचाळिसावं कार्ड उषाला लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. झुंबरबाईला ओट्यावर बसवून मी मोठ्यानं वाचू लागलो.

‘बाबा, भुजंगदादाचा दवाखाना आमच्या घरासमोरच आहे. दर दिवाळीला तुमचं कार्ड आलं की तो मला वाचायला देतो. मी वाचते आणि त्याला परत देते. बदलीच्या अर्जात तीन गावं लिहायची असतात. आपलं गाव कधी लिहिलं नाही. लग्न झालेली लेक गावात राहायला आलेली तुम्हाला चालेल की नाही, कळत नव्हतं. या वेळी पहिलं तेच लिहिलंय. यांचीही हरकत नाही.’

“पुढं वाचा की, गुर्जी,” झुंबरबाई म्हणाली.

पुढे दोनच ओळी होत्या, पण मला वाचता येईनात.