पुलीवरची पांढरी रेघ

डोणगावजवळच्या एका शेतकी शाळेच्या बागेत बाबा एकतीस वर्षं माळी होते. शाळा बंद पडली, सामान भंगारात निघालं, तेव्हा तिथला छोटा ट्रॅक्टर त्यांनी घरी आणला. संत्र्याच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं पिल्लू वाटावं. परदेशातून आलेला, जवळजवळ बाबांच्याच वयाचा. दहा वर्षं तो गोठ्यात कडब्याखाली होता. मी बाळंतपणाला आले आणि बाबांनी कडबा काढला. का, ते बोलले नाहीत. आई जाऊन सहा वर्षं झालीत. घरात मुलगी आणि तान्हं लेकरू, आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं.

भार्गवी तीन महिन्यांची झाली होती. सव्वा महिना कधीच उलटला होता. दूध येत होतं, बाकी काही येत नव्हतं. ती रडली की मी उठायचे, पाजायचे, ढेकर काढायचे, सगळं बरोबर करायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, डोळे तुझेच आहेत. मी पाहायचे. डोळे होते. खामगावहून नवऱ्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा, काय करते आपली राणी, आणि मी सांगायचे, झोपली.

नजीरचाचा बाबांचे जुने दोस्त, इंजिनाचे मिस्त्री. बाबांनी त्यांना एकच अट घातली होती: ट्रॅक्टर शाळेत आला तेव्हा जसा होता, तसाच चालू व्हायला पाहिजे. चाचा म्हणाले, मग आधी पाहावं लागेल, यात त्याचं स्वतःचं काय उरलंय. पार्टांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते माझ्याकडे आलं. भार्गवीला मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसायचे. चाचा एकेक पार्ट कापडानं पुसून पुढं करायचे. लोखंडावर ठोकलेले आकडे गंजानं भरलेले, वाचताच येईनात. मी तिची पावडर त्यावर टाकली आणि वरवर पुसली, तसे आकडे पांढरे होऊन वर आले. चाचा खूश झाले. तेव्हापासून पावडरचा डबा गोठ्यातच राहू लागला.

कार्बोरेटर दुसऱ्याच कशाचा तरी. ठिणगी देणारा मॅग्नेटो बदललेला. सीट स्कूटरची. पुढची दोन चाकं एकमेकांचीही भावंडं नव्हती. मी वहीत लिहीत गेले: नाही, नाही, नाही.

"भागवतभाऊ, हा तं उसन्या कपड्यातला नवरदेव निघाला," चाचा म्हणाले.

बाबा हसले नाहीत. बागेत एवढी वर्षं हे सगळं त्यांच्याच डोळ्यांसमोर बदललं गेलं होतं, एकेक करून, गरजेपुरतं. एकत्र मोजलं नव्हतं कोणी.

शेवटी इंजिनाचा नंबर पुस्तकाशी जुळला. त्याच्या बोल्टांवरचा कंपनीचा रंगही अजून फुटला नव्हता. म्हणजे आत कोणाचा हात गेला नव्हता. आतला पिस्टन तेवढा मूळचा. आणि तो जाम होता, हलतच नव्हता.

चाचांनी समजावून सांगितलं. जोर लावला तर तुटेल, आणि असा पिस्टन आता कुठंच मिळत नाही. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल सोडायचं, भिजू द्यायचं, रोज सकाळी पिस्टनला जोडलेली बाहेरची पुली हातानं हळूच फिरवून पाहायची. आठ दिवस. नाहीच हलला तर नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा. मग फुटला तर फुटला. दुसरं इंजिन बसवू, चालेल मस्त.

"मंग त्यात त्याचं काय राह्यलं?" बाबा म्हणाले.

चाचांनी पुलीवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली. ती तुटली की समजायचं, हलला. रेघ पाहायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी बाबांनी दोन्ही हातांनी पुली धरली. रेघ सरळ. दुसऱ्या दिवशी सरळ. बाबा रोज विचारायचे, मी सांगायचे, नाही. पाचव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. नुसतं माझ्या तोंडाकडे पाहायचे, पुली सोडून द्यायचे आणि हात धुवायला जायचे.

नवव्या दिवशी चाचा हातोडा घेऊन आले. नुसता टेकवून ठेवलेला प्लग काढला, भोकात बोट घातलं, वास घेतला आणि थांबले.

"हे गोडं तेल कोणं टाकलं बे?"

भार्गवीला न्हाऊ घालायला अन्नपूर्णाबाई येतात. ओट्यावर तिला पायांवर घेऊन त्या चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या टाकलं. वाटीत उरते थे रोज टाकून राह्यली. लेकरू मोकळं होते, लोखंड काऊन नाही होणार?"

चाचांनी कपाळाला हात लावला. तिळाचं तेल वाळलं की गोंद होतो, पिस्टन आणखी चिकटला असणार, आठ दिवस पाण्यात गेले, असं बरंच बोलले. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, एवढे हुशार आहात तर आठ दिवसांत तुमच्या डिझेलनं काय दिवे लावले. बाबा उठले आणि हातोड्याच्या आधी एकदा म्हणून पुली धरली.

मला तिथं जायचं कारण नव्हतं. पण रोजचं काम होतं, म्हणून तेलानं चोळलेली भार्गवी तशीच दुपट्यात गुंडाळून खांद्यावर टाकली आणि गेले. खाली बसले. रेघ पाहिली. खडू पुसट झाला होता, म्हणून पावडरची चिमूट टाकून बोटानं सारखी केली.

बाबांनी दाब दिला. त्यांना काही जाणवलं नाही. ते सोडायलाच निघाले होते.

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "तुटली रेघ."

ज्वारीच्या दाण्याएवढी. चाचा म्हणाले, भास असेल, पत्रा हलला असेल. मी म्हटलं, आता उलटी फिरवा. बाबांनी उलटी फिरवली. रेघ परत जुळली. पुन्हा सुलटी, पुन्हा तुटली, या वेळी दोन दाणे. आतून ओल्या वाळूवर पाय घासावा तसा आवाज आला.

"जित्ता हाये," चाचा हळूच म्हणाले. त्यांनी हातोडा पिशवीत ठेवला आणि ओट्याकडे पाहत विचारलं, वाटीत अजून काही उरलंय का. अन्नपूर्णाबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाबा पुली सोडायला तयार नव्हते. पुढं, मागं, पुढं, मागं, दाण्यादाण्यानं. त्यांची मान हलत होती आणि मी त्यांच्या बाजूला तशीच उकिडवी बसून होते.

तेवढ्यात भार्गवीनं माझ्या खांद्यावर दूध काढलं. मानेवरून पाठीत ओघळ गेला. रोजच काढते, मी रोज पुसते. पण आज ते गरम लागलं. चांगलं गरम. मला वाटतं, मी दचकले, कारण तीही दचकली, आणि तिनं माझे केस मुठीत धरले.

बाबांनी फडकं पुढं केलं. मी म्हटलं, राहू द्या थोडा वेळ.