शिशाच्या गोळ्या

वादळांच्या महिन्यांत परदेशी लोक आपल्या शिडाच्या बोटी रिओ दुल्से नदीच्या धक्क्याला बांधून मायदेशी निघून जातात. सहा महिन्यांनी परततात तेव्हा बोटीतल्या बॅटऱ्या मेलेल्या असतात. त्या काढून नव्या बसवणं हा माझा धंदा. झोपायच्या फळीखाली आडवं पडायचं, गंजलेले नट सोडवायचे आणि एकेक धोंड शिडाच्या दोरीला बांधून वर ओढायची. माझ्याइतकं सफाईने कुणाला जमत नाही, असं मी फुशारकीने सांगायचो. आता सांगत नाही.

मेलेल्या बॅटऱ्या राजधानीतल्या कारखान्यात जायला हव्यात. तिथे शिसं नीट काढून पुन्हा वापरतात. त्यासाठी महिन्यातून एकदा ट्रक येतो. एकटीच बोट हाकणारी मार्लीस नावाची डच म्हातारी दर वर्षी मला विचारायची, "एलिओदोरो, ट्रकमध्येच घालतोस ना रे?"

"म्हणजे काय मॅडम! तुमच्याशी कधी खोटं बोललोय?"

बोलत होतो. दर बोटीमागे दोन बॅटऱ्या माझ्या होडीतून घरी जायच्या, सासूबाईंकडे.

सासूबाई, दोन्या कांदेलारिया, पाग विणतात, म्हणजे फेकायचं जाळं. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या नसतील तर ते बुडतच नाही. नदीकाठी सगळे बॅटऱ्यांतल्या शिशाच्याच गोळ्या करतात, पण सासूबाईंचा पाग म्हटला की कोळी डोळे मिटून विकत घेतात.

ॲसिडला मात्र आम्ही भयंकर जपायचो. घरापासून लांब, चुना टाकलेल्या खड्ड्यात मी ते ओतायचो. माझी चार वर्षांची लेक, नोएमी, तिकडे फिरकली तरी सासूबाई ओरडायच्या, "ए भवाने, मागे हो! हाडापर्यंत जाळतं ते!" ॲसिड गेलं, आतले शिशाचे पत्रे नदीत धुतले, की आमच्या मते धोका संपला. मग मका शिजवायच्या जुन्या पातेल्यात शिसं वितळायचं, साच्यात ओतायचं, आणि नोएमी पायरीवर बसून गार झालेल्या गोळ्या दोऱ्यात ओवायची. ओवताना तोंडाचा पट्टा चालूच. नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक होडीला तिने नाव ठेवलेलं होतं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या जंत झालेत, आणि आपासोते नावाच्या पाल्याचा काढा पाजला. पोरगी जेवेना. होड्यांची नावं विसरली, मग शेजाऱ्यांची. निंफा, माझी बायको, म्हणायची, "ही अशी गप्प का झालीय?" मी म्हणायचो, मोठी होतेय. जूनमध्ये तिला झटका आला. डोळे पांढरे झालेली पोर होडीत घालून आम्ही पुएर्तो बारिओसच्या दवाखान्यात नेली.

रक्ताचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. "घरात शिसं कोण वितळवतं?"

"तिला आम्ही ॲसिडच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही हो," मी म्हणालो.

"मी ॲसिडचं विचारत नाहीये. शिशाचं विचारतेय. त्याचा धूर, त्याची भुकटी. ती तोंडात घालायची का काही?"

निंफा खाली बघत बोलली. "गोळ्या चोखायची. गोड लागतात म्हणायची. आई म्हणायची, चोखू दे, तेवढीच गप्प बसते."

औषधाने रक्तातलं शिसं कमी होईल, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण मेंदूचं जे गेलंय ते परत येईल असं सांगता येत नाही. त्या घरात तिला परत नेऊ नका.

म्हणून मायलेकी आता कोबानला, निंफाच्या बहिणीकडे राहतात. मी अंगणातली माती गुडघाभर खणून पोत्यांत भरली. सासूबाई आधी भांडल्या, "माझी आई हेच करायची, आम्ही मेलो का?" मग एका दुपारी ते पातेलं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "जावईबापू, हे कुठे टाकू?" पातेलं अजून पोत्यांशेजारी पडलंय.

नोव्हेंबरमध्ये मार्लीस आली. तिच्या चारही बॅटऱ्या मी तिच्यादेखत ट्रकमध्ये चढवल्या. "तुझ्यासारखी माणसं हवीत," ती म्हणाली. मला माझीच किळस आली, तरी मी हसलो.

गेल्या रविवारी कोबानला गेलो. नोएमी अंगणात बसली होती. माझ्याकडे बघून हसली, पण "पापा" म्हणाली नाही. मग तिने खालचा एक गोल खडा उचलला आणि तोंडात टाकला. मी धावलो, पण त्याआधीच तिने तो थुंकून दिला. साधा खडा होता. तिने तोंड वाकडं केलं.

"गोड नाही," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून सलग दोन शब्द आले नव्हते. निंफा ओल्या हातांनी घरातून धावत आली. "बोलली! ऐकलंस का रे, बोलली!" तिने पोरीला उचलून छातीशी धरलं, हसू लागली, रडू लागली. तो खडा मी उचलला आणि मुठीत धरून खालीच बसलो.