अर्पिताचं फ्लाइट

पायलट झालेली माझी पोरगी घरात बसून कोलंबी सोलते, हे मला अजून समजत नाय. लायसन हाय, छोट्या कंपनीत नोकरी हाय, युनिफॉर्म कपाटात टांगलेला हाय. पन कंपनीची विमानं दोनच, त्यातलं एक पार्टसाठी अडकलेलं. जे उडतं त्यावर विमान उडवल्याचे जास्त तास असनाऱ्यांचा नंबर पयला. अहो, उडवायलाच दिलं नाय तर अर्पिताचे तास वाढनार कसे? आनि तास नसले तर मोठी कंपनी दारात उभं करत नाय. आमच्याकडे पोराला होडीत बसवतात, वल्हं देतात, मग तो शिकतो. इथे म्हनतात, आधी शिकून ये. डोकं चालत नाय माझं.

परवा एकदाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटला अर्पिताचं नाव. ह्या महिन्यात तिचा करार संपतोय, तास नसले तर पुढे वाढवनार नाय, म्हनून माझी बायको दमयंती उजाडताच खाडीवरच्या देवाला जाऊन आली. नारळ, अंडं नि दारू, ही आमची बापजाद्यांची रीत. आनलेलं तीर्थ तिने निघताना पोरीच्या हातावर दिलं. पोरीने मुकाट घेतलं.

विमानतळावर सोडायला जाताना उलव्याच्या रोडला गाडीत मला वास आला.

"तीर्थात काय होतं गं?"

"देवाचीच," अर्पिता म्हनाली.

मी गाडी बाजूला घेतली. उडायच्या आधी ह्यांना नळीत फुंकायला लावतात. थेंबभर जरी सापडली तरी महिनोन्‌महिने घरी, वर कायमचा डाग.

मी दमयंतीला फोन लावून झाप झाप झापलं. "अक्कल गहान टाकलीस काय?"

"देवाचं तीर्थ हाय, त्याने काय होतंय?" म्हनत ती रडायलाच लागली. मी फोन कापला.

तोवर अर्पिताने ऑफिसला कळवून टाकलं, बरं नाही, येत नाही. त्यांनी तिच्या जागी निखिलला बोलावलं. तो हिच्याच बॅचचा. म्हंजे आता तास त्याचे वाढनार आनि हिचा करार गेला.

"आईला ओरडू नका, पप्पा. वासावरून मला घरीच कळलं होतं."

"मग घेतलंस कशाला?"

"किती महिने झाले खऱ्या विमानाला हात लावून. कॅप्टन म्हणाले होते, आज लँडिंग तू करायचं. मागे सत्तर माणसं बसणार. मला रात्रभर भीती वाटत होती. जमणार नाही हे सांगायचं कोणाला? सांगितलं तर पुन्हा कोण देणार?"

रोज फोनकडे डोळे लावून बसनारी पोरगी ही, आनि फ्लाइट आलं तर असं. हिच्यावर रागवू, कंपनीवर रागवू, का हिला जवळ घेऊ?

दमयंतीचा फोन परत वाजायला लागला. तिची माफी मागू, का देवाने तुझं नाय, पोरीच्या मनातलं ऐकलं असं सांगू, तेच मला कळेना.