टोपीखालचं डोकं

मी एक टोपी बोलतेय. निळ्या सुती कापडाची, पुढे छज्जा असलेली, साधी टोपी. माझ्यासारख्या शेकडो टोप्या एकाच दिवशी शिवून झाल्या, गठ्ठ्यात बांधल्या गेल्या आणि दुकानात येऊन लटकल्या. मला वाटायचं, एखादा खेळाडू मला घेईल, मैदानावर नेईल. घेतलं ते एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं. त्यानं रंग पाहिला नाही, भाव केला नाही. मला डोक्यावर चढवून त्यानं एकच विचारलं, "मागून पूर्ण झाकतं ना?"

घरात त्याला सगळे छोटू म्हणत. कामाला होता चष्म्याच्या दुकानात. केस गळणाऱ्या माणसानं नोकरी करावी तरी कुठे, तर जिथे चारही भिंतींना आरसे! गिऱ्हाईक फ्रेम लावून विचारायचं, "कशी दिसते?" छोटू हातातला आरसा त्यांच्यापुढे धरायचा आणि स्वतः मान फिरवून उभा राहायचा. फ्रेम छानच दिसते, असं तो न बघताच सांगायचा.

"टोपी काढ रे, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही," दुकानदारकाका म्हणायचे.

"सर्दी झालीय, काका."

ही सर्दी महिनोन् महिने टिकली. शेवटी काकांनी विचारणंच सोडलं.

संध्याकाळी तो मला काढायचा तेव्हा माझ्या अस्तराला चार-दोन केस चिकटलेले असायचे. तो ते चिमटीत धरून उजेडात बघत बसायचा. माझा जीव कासावीस व्हायचा. मीच तर खाते नाही ना याचे केस? ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, तर तोंडावरच म्हणायची, "दिवसभर ते डोकं कोंडून ठेवतोस, केस राहतील कसे?" ते ऐकून मी खुंटीवर अगदी चोरासारखी लटकून राहायची.

केस परत आणायची त्याला घाई झाली होती, आणि त्या घाईला एक कारण होतं. फोनवर त्याची एका मुलीशी ओळख झाली होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दोघं तासन् तास बोलायचे, आणि तिच्याशी बोलताना छोटू असा खुलून हसायचा की मीही त्याच्या डोक्यावर हलायची. पण तिला पाठवलेला फोटो होता कॉलेजातला, कपाळावर दाट केसांची झुलूप असलेला. ती म्हणायची, "आता भेटू या ना." हा म्हणायचा, "दुकानात फार काम आहे गं."

मग त्यानं कुणातरी अनोळखी विक्रेत्याकडून एक बाटली मागवली. तिच्यावर ना औषधाचं नाव, ना बनवणाऱ्याचं. पहिल्याच दिवशी डोक्याची आग आग झाली. तो स्वतःशीच म्हणाला, "आग होतेय म्हणजे लागू पडतंय." आठवडाभरात टाळूवर फोड आले. ते फुटले, पाणी सुटलं, आणि माझं अस्तर त्याला चिकटू लागलं. मला ओढून काढताना तो दात-ओठ खायचा, पण सकाळ झाली की पुन्हा मलाच वर चढवायचा. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, पोरा, मला नको घालूस!

एका रविवारी जेवताना माझ्या कडेखालून त्याच्या कानामागे पिवळसर ओघळ आला. ताईनं मला त्याच्या डोक्यावरून उचललं. मी सुटले तसा तो कळवळला. ताईच्या हातातला घास ताटात पडला.

"अरे, हे काय करून घेतलंस?"

त्याचे बाबा समोरच बसले होते. त्यांच्या डोक्यावर तरुणपणापासूनच चकचकीत टक्कल. ते घाईनं उठले, पण छोटू त्यांच्यावरच उखडला. "तुम्ही लांबच राहा! तुमच्यामुळेच झालंय हे. तुमचंच डोकं आलंय माझ्या वाट्याला!"

बाबांनी आपल्या टकलावरून हात फिरवला, आणि तो हात कुठे ठेवावा हे जणू त्यांना कळेना.

"आलंय खरं," ते हळू म्हणाले. "इतकं वाईट आहे का रे ते?"

छोटू रडला. मग बाबांनीच त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ताईनं मला धुऊन पिशवीत घातलं होतं, म्हणून मीही गेले.

डॉक्टरीणबाईंनी जखमा पाहिल्या. "ती बाटली आधी फेकून दे. हे भरून आलं की मग केसांचं बघू. गळती बापाकडून आलीय, आईकडूनही असेल. औषधानं ती मंदावते, काहींचे थोडे केस परतही येतात. पण औषध चालू ठेवावं लागतं. पूर्वीसारखं डोकं होईल, असा शब्द मी देत नाही."

"आणि टोपीनं केस जातात का?" बाबांनी विचारलं.

"छे! टोपीचा काय दोष?"

पिशवीत बसल्या बसल्या मी मोकळा श्वास घेतला.

जखमा भरल्या. केस होते तितकेच राहिले. मग एक दिवस छोटूनं त्या मुलीला भेटायला बोलावलं. चहाच्या दुकानात त्यानं मला काढून मांडीवर ठेवलं. त्याच्या तळहातांचा घाम माझ्यात मुरत होता.

ती आली, बसली, त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. "फोटोत केस बरेच होते."

"फोटो जुना आहे. आधीच सांगायला हवं होतं. घाबरलो."

"केसांचं मला काही नाही रे," ती म्हणाली. "पण इतके दिवस मी कुणाशी बोलत होते, तेच आता मला कळेनासं झालंय. मला जरा वेळ दे."

चहा अर्धाच टाकून ती गेली. छोटूनं मला मुठीत इतकं आवळलं, की माझा छज्जा तेव्हा मोडला तो अजून सरळ झालेला नाही.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. दुकानात तो मला नेत नाही. नवीन कातडी नाजूक आहे, म्हणून दुपारच्या उन्हात तेवढं मला घालतो. उशीवर केस पडलेत का, हे सकाळी उठल्या उठल्या अजून बघतो. फोन वाजला की दचकतो. ती कधी बोलते, कधी आठवडा आठवडा गप्प असते. काय ठरेल, कुणास ठाऊक.

तुमच्याही घरात एखादी टोपी खुंटीवर असेल. तिला ऊन द्या, वारा द्या, वाटलं तर पाऊसही द्या. ते सगळं आम्ही अंगावर घेऊ. फक्त तुमची लाज आमच्या हवाली करू नका. आम्ही कापडाच्या आहोत हो, ती आम्हाला झाकवत नाही.

चला, ऊन चढलं. तो येतोय मला घ्यायला.