देवदारावरचा दगड

“कुऱ्हाड खाली ठेव, बस्सू! लाकडावर दगड आहे, दिसत नाही?”

“दिसतोय की, वहिनी. अकरा हिवाळे दिसतोय.”

हे भांडण चाललंय माझ्या डोक्यावर. मी या आडव्या पडलेल्या देवदाराच्या सालीतून वर आलेली नारिंगी, लिबलिबीत बुरशी. पोरं मला माकडाचा शेंबूड म्हणतात. म्हणोत. ॲटलसच्या या अख्ख्या उतारावर बर्फ वितळताना माझ्यासारखा रंग आणखी कुणाच्या अंगावर असतो, ते दाखवा.

मेलेलं लाकूड हेच माझं माहेर. वादळात झाड पडलं आणि मी वस्तीला आले. ऊन तापलं की वाळून नखाएवढी खपली होते. लोकांना वाटतं, मेली. मी मरत नाही, ओलीची आस धरून पडून राहते. म्हणून वाट बघणारं माणूस मला लांबूनच ओळखू येतं.

तुदा तशी. तिचा नवरा झैद फ्रान्सच्या खाणीत गेला. जाताना म्हणाला होता, परत आलो की या देवदाराचा तुला हातमाग करून देईन. तेव्हापासून ती इथं येऊन चातीवर लोकर कातते, डोळे खालच्या रस्त्यावर. खरं सांगते, मला लाज वाटते. तिचा तो माग मी रोज थोडा थोडा खातेय.

आज तिचा धाकटा दीर खेचर घेऊन आला. लाकूड चुलीत गेलं की मीही गेले.

“माझी पोरं थंडीनं काकडताहेत, आणि तू दादाचा दगड राखत बसलीस!”

“तुझं नाक या हातांनी पुसलंय मी. आवाज खाली.”

“दादा येणार नाही, वहिनी.” त्याचा आवाज खरंच खाली आला. “तिकडं त्याची दुसरी बायको आहे. ज्याचा दगड त्याचं लाकूड, कबूल. पण गाव सोडलेल्याचा दगड उतरतो. रिवाज आहे आपला.”

तुदा कितीतरी वेळ रस्त्याकडं बघत राहिली. दरीतून धुकं चढलं, माझ्या अंगात ओल भरली. मग ती दगडाला टेकून बसली आणि चाती हातात घेतली.

“झैदनं जाताना या झाडाकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, बस्सू, हा दगड मी ठेवलाय, आणि मी गाव सोडलेलं नाही.”